छोट्या अमेरिकन गावातला वंशभेदविरोधी गट: काम कुठून सुरू करायचं आणि कुठे फसतं

नदीकाठ (धागाकर्ता)

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली आणि त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या दहा-वीस हजार वस्तीच्या गावांतही स्वयंसेवकांचे गट उभे राहिले. अशा गावांत मराठी घरं दोन-चारच असतात. गटात जावं का, आणि गेलो तर नेमकं करायचं काय, हा प्रश्न त्या घरांत हमखास निघतो. इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. फलक घेऊन चौकात उभं राहणं लागतंच, पण त्यावर गट टिकत नाही. एखाद्या कार्यालयातलं एखादं काम हाती धरलं, की गट टिकतो: काऊंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) दस्तनोंदणी कार्यालयातलं, स्कूल बोर्डातलं किंवा भाड्याच्या घरांचं. पहिल्या वर्षी एकच काम घ्या. तिन्ही घेतली की सहा महिन्यांत चार माणसं उरतात आणि तीच सगळीकडे धावत राहतात.

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दीड तास. जागा शक्यतो सार्वजनिक वाचनालयाची खोली. चर्चचा हॉल फुकट मिळतो, पण त्या चर्चचे नसलेले लोक बिचकतात. कुणाच्या घरी बैठक घेतली तर ओळखीचेच येतात. वाचनालयाची खोली बहुतेक ठिकाणी फुकट असते, अट एवढीच की बैठक सर्वांना खुली हवी. ती अट आपल्या पथ्यावरच पडते. संध्याकाळच्या पाळीत काम करणारे आणि लहान मुलं असणारे वगळले जाऊ नयेत म्हणून दोन बैठकांतली एक शनिवारी सकाळी ठेवावी आणि मुलं सांभाळायला दोघांना नेमावं.

गटातले बहुतेक गोरे असतील (छोट्या गावात असतातच), तर अजेंडा ठरवण्याआधी गावातल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी कुटुंबांशी बोलून घ्या. त्यांना बैठकीत बोलावून ‘तुमचे अनुभव सांगा’ म्हणू नका. कुठल्या कार्यालयात काम अडतं, एवढंच विचारा. यादी तिथेच तयार होते.

रकाना

पहिल्या महिन्यात गावाचे आकडे काढा, नाहीतर प्रत्येक बैठक ‘आपल्या गावात असं काही नाही’ या वाक्यावर अडकते.

सेन्सस ब्युरोच्या अमेरिकन कम्युनिटी सर्वेक्षणात ‘बी०३००२’ हा तक्ता बघा. त्यात वंश आणि हिस्पॅनिक मूळ एकत्र दिलेलं असतं. ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावाला एक वर्षाचे आकडे मिळत नाहीत, पाच वर्षांचे सरासरी अंदाजच वापरावे लागतात. शेजारच्या रकान्यात चूकमर्यादा असते, ती कधीही गाळू नका. समजा, गावात १२० आशियाई आणि चूकमर्यादा अधिक-उणे ९५ असं आलं, तर त्या आकड्यावरून ‘संख्या दुप्पट झाली’ असं पत्रक काढणं म्हणजे पहिल्याच सभेत विश्वास घालवणं.

शाळेसाठी शिक्षण खात्याचा नागरी हक्क विदासंच आहे. त्यात शाळेनुसार निलंबनाचे आकडे वंशानुसार मिळतात. हिशेब सोपा आहे. उदाहरणार्थ ८० कृष्णवर्णीय मुलांपैकी १२ निलंबित म्हणजे १५ टक्के, ९०० गोऱ्या मुलांपैकी ४५ म्हणजे ५ टक्के, गुणोत्तर ३. मात्र ८० च्या जागी ९ मुलं असतील तर टक्केवारी काढूच नका. एका मुलाने आकडा उलटापालटा होतो, आणि ते मूल कोण हे गावाला कळतं. अशा वेळी दोन-तीन सर्वेक्षणवर्षं एकत्र करा, किंवा फक्त नियम आणि शिक्षेचं स्वरूप यावर बोला.

दस्तवाचक

माझं मत दस्तनोंदणीच्या कामाला. छोट्या गटाला झेपतं, कागदावर सिद्ध होतं, आणि ‘आमच्याकडे असं नव्हतं’ म्हणणाऱ्याच्या हातात त्याच्याच गल्लीचा कागद देता येतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जमिनीच्या खरेदीखतांत अटी घालत, की ही मालमत्ता अमुक वंशाच्या माणसाला विकायची वा भाड्याने द्यायची नाही. मिनियापोलिसमध्ये अशी खतं १९१० पासून सापडतात. घरकर्जाला हमी देणारं फेडरल हाऊसिंग अॅडमिनिस्ट्रेशनही अशा अटींची शिफारस करत होतं. १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यायालयं या अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत. पण अट लिहिणं त्याने बेकायदा झालं नाही. मिनेसोटाने नव्या अटींवर १९५३ मध्ये बंदी आणली, देशभर बंदी आली ती ११ एप्रिल १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्याने. जुने कागद मात्र तसेच आहेत.

आता पद्धत. नवशिके इथे हमखास चुकतात: आजच्या मालकाचं खरेदीखत काढतात, त्यात काही दिसत नाही, आणि आपलं गाव स्वच्छ आहे असं समजून थांबतात. आजच्या खतात फक्त ‘नोंदवलेल्या अटींना अधीन राहून’ एवढंच असतं. आपल्याकडे नुसता सातबारा बघून भागत नाही, ‘इतर हक्क’ रकान्यातल्या नोंदीवरून जुने फेरफार काढावे लागतात, तसंच हे आहे. अट मुळात तीनपैकी एका जागी असते: विकासकाने पहिल्यांदा प्लॉट विकले तेव्हाच्या खतात, प्लॉटच्या नकाशावर किंवा संपूर्ण वसाहतीसाठी वेगळ्या नोंदवलेल्या जाहीरनाम्यात.

म्हणून घरापासून मागे जाऊ नका, वसाहतीपासून पुढे या. १९१० ते १९५० दरम्यान प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतींची यादी करा. दहा-वीस हजारांच्या गावात ती फार लांब नसते, एका कागदावर मावते. मग विक्रेत्यांच्या सूचीत विकासकाचं नाव शोधा आणि प्रत्येक वसाहतीची पहिली चार-पाच खतं पूर्ण वाचा. सगळ्यांत तीच ओळ आली तर छापील मसुदा वापरलाय असं समजायचं आणि उरलेली खतंही बघायची.

कागद स्कॅन केलेले असतील तर शब्दशोध चालतो, पण शब्द नीट निवडा. ‘व्हाइट’ शोधलं तर त्या आडनावाची माणसं येतात. ‘रेस’ शोधलं तर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि गिरणीचा पाट येतो. ‘कॉकेशियन’, ‘निग्रो’, ‘इथिओपियन’, ‘एशियाटिक’, ‘मंगोलियन’, ‘सेमिटिक’ आणि ‘हिंदू’ हे शब्द घ्या. त्या कागदांत ‘हिंदू’ म्हणजे धर्म नव्हे, हिंदुस्थानातला कुठलाही माणूस. टंकलिखित कागदावर यंत्र ‘कॉकेशियन’ची अक्षरं हमखास चुकवतं, म्हणून शब्दाचे तुकडेही शोधा. हस्तलिखित वह्या मात्र डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. अजून एक खूण म्हणजे ‘घरगुती नोकर वगळून’ ही सवलत. ती दिसली की वरची ओळ वाचा.

प्रत्येक नोंदीसाठी सहा रकाने पुरतात: दस्तक्रमांक किंवा वही-पान, तारीख, वसाहत-ब्लॉक-लॉट, विकणारा-घेणारा, अटीची शब्दशः ओळ, अटीची मुदत. प्रत्येक कागद दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, मतभेद झाला तर तिसऱ्याने. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ प्रकल्पानेही २०१६ पासून स्वयंसेवकांच्या वाचनावरच नकाशे उभे केलेत. तुमची काऊंटी त्यात किंवा तशा कुठल्या प्रकल्पात आलेली असेल तर आधी त्यांच्याशी बोला, तेच काम पुन्हा करू नका.

नकाशावर घर क्रमांक टाकताना आजच्या मालकांची नावं कुठेही देऊ नका. त्यांनी ती अट लिहिलेली नाही.

कर्दळ

वाचायला छान आहे, पण अट १९४८ पासून निष्प्रभ आणि १९६८ पासून बेकायदा. मग ती रद्द करण्यात वेळ घालवून आज कुणाचं काय भलं होतं? हे मनापासून विचारतेय. गटातली तरुण मुलं हाच प्रश्न करतात.

दस्तवाचक

@कर्दळ, प्रश्न रास्त आहे. नुसता रद्द-अर्ज भरून घरं परत मिळत नाहीत, आणि तसं भासवूही नये.

मिनेसोटात २०१९ च्या कायद्याने मालकाला अट ‘डिस्चार्ज’ म्हणजे रद्द करता येते. ठरलेला नमुना, मालमत्तेचं कायदेशीर वर्णन, मूळ दस्ताचा क्रमांक, नोटरीसमोर सही आणि काऊंटीत नोंदणी. वॉशिंग्टन राज्यात दुरुस्तीचा दस्त नोंदवायला शुल्क नाही. मूळ कागद फाडला जात नाही, पुढे एक नवीन नोंद लागते. माझ्या मते तेच बरोबर आहे, पुरावा राहायला हवा.

खरा उपयोग पुढचा आहे. घर हीच मध्यमवर्गाची ठेव. १९३५ साली ज्या वसाहतीत शिरता आलं नाही, तिथल्या वाढलेल्या किमतीचा वाटा नातवंडांपर्यंत पोचलाच नाही. वॉशिंग्टनमध्ये २०२१ च्या कायद्याने दोन विद्यापीठांना राज्यभर या अटी शोधायला लावलं. २०२३ मध्ये त्याच धाग्यावर कव्हेनंट होमओनरशिप कायदा आला (‘कव्हेनंट’ म्हणजे खतातली अशी अट). दस्तनोंदणीवर १०० डॉलरचं शुल्क लावून पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना डाउन पेमेंटसाठी कर्ज देतात. ११ एप्रिल १९६८ पूर्वी त्या राज्यात राहिलेला अर्जदार स्वतः, किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा ठरावीक वंशगटांतले असावे लागतात, आणि त्या गटांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूलनिवासी, कोरियन यांच्याबरोबर एशियन इंडियनही आहेत. हे झालं ते कागद वाचलेले होते म्हणून.

तरुणांना सांगा, अर्ज हा शेवट धरू नका. सिटी कौन्सिलपुढे नकाशा मांडताना शेवटच्या पानावर एक मागणी असू द्या, उदाहरणार्थ त्याच वसाहतींत दोन-तीन कुटुंबांची घरं बांधायला झोनिंगची (जमीन-वापराच्या नियमांची) परवानगी.

मैत्र

भाड्याच्या घरांबद्दल. गटातल्या लोकांना एक मोह होतो: एक गोरं आणि एक कृष्णवर्णीय जोडपं पाठवून घरमालकाची परीक्षा घ्यायची. हे स्वतः करू नका. अशी जोडीने तपासणी मान्य आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘हेवन्स रिअल्टी विरुद्ध कोलमन’मध्ये तपासनिसाचा दावा करण्याचा हक्कही मान्य केला. पण दोघांचं उत्पन्न, क्रेडिट, भेटीची वेळ, विचारलेले प्रश्न हे सगळं जुळवावं लागतं आणि अहवाल एकमेकांशी न बोलता लिहावे लागतात. एक गोष्ट सैल राहिली की पुरावा गेला. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा राज्यांत समोरच्याच्या संमतीशिवाय खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करणंही गुन्हा ठरू शकतो. फेअर हाऊसिंग संस्थांकडे प्रशिक्षित माणसं असतात, त्यांना बोलवा.

गटाने करायचं ते वेगळं. तक्रारदाराला तारीखवार टिपण ठेवायला शिकवा: फोन कधी केला, कोण बोललं, ‘घर गेलं’ म्हणाल्यावर जाहिरात किती दिवस तशीच होती, तिची पडद्याची छायाचित्रं. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रारीची मुदत एक वर्ष, थेट न्यायालयात दोन वर्षं.

छोट्या गावात एक पळवाट वारंवार सांगितली जाते: मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतीला फेअर हाऊसिंग कायद्यातून सूट आहे. सूट खरी आहे, पण भेदभावाची जाहिरात तिथेही चालत नाही, आणि १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात वंशाच्या बाबतीत अशी सूटच नाही. हे वाक्य छापून ठेवा, कामाला येतं.

पायवाट

स्कूल बोर्ड आणि कौन्सिलपुढच्या तीन मिनिटांबद्दल. बऱ्याच ठिकाणी इतकाच वेळ मिळतो. इंग्रजीत साडेतीनशे शब्दांपलीकडे जाऊ नका, नाहीतर मागणीच्या आधी घंटा वाजते. मागणी पहिल्या वाक्यात, मग दोन आकडे, मग पुन्हा मागणी. ‘मुलांना सन्मान मिळावा’ ही मागणी नव्हे. ‘निलंबनाचे वंशनिहाय आकडे दर तिमाहीला बोर्डाच्या अजेंड्यावर ठेवा’ ही मागणी आहे, कारण त्यावर मत पडू शकतं.

सहा जण बोलणार असतील तर सहा जणांनी एकच भाषण करू नये. एकाने आकडे, एकाने शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा नियम, एकाने खर्च. लेखी प्रत क्लार्ककडे द्या, म्हणजे नोंदीत राहते. बोर्ड तिथल्या तिथे उत्तर देत नाही, नियमच बहुधा तसा असतो. तो अपमान समजून चिडणारे दुसऱ्या बैठकीला येत नाहीत आणि काम तिथेच मरतं. अजेंडा प्रसिद्ध होतो तेव्हा ‘कन्सेंट अजेंडा’ (एकगठ्ठा मंजूर होणारे विषय) आधी वाचा, वादाच्या गोष्टी चर्चेविना तिथून निघून जातात.

शाळेत वंशावरून छळ होत असेल तर १९६४ च्या कायद्याच्या सहाव्या प्रकरणाखाली शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात तक्रार करता येते, मुदत १८० दिवस. शाळेशी बोलण्यात हे दिवस निघून जातात, म्हणून पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर खूण करा.

सांजवेळ

द्वेषाची पत्रकं टाकली जातात तेव्हा काय करायचं हे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. प्लॅस्टिकच्या पिशवीत पत्रक आणि वजनाला मूठभर तांदूळ किंवा खडे, रात्री दारादारांत फेकलेलं. सकाळी लोक फोटो काढून गावाच्या फेसबुक पानावर टाकतात, आणि टाकणाऱ्यांना तेच हवं असतं. फोटोवरचं संघटनेचं नाव आणि पत्ता झाकल्याशिवाय काहीही पसरवू नका. पिशव्या हातमोजे घालून गोळा करा, गल्ली आणि वेळ लिहा, दोन-तीन न उघडता पोलिसांकडे द्या. मजकुराला बहुधा अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं (अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं) संरक्षण असतं, त्यामुळे ‘अटक का नाही’ यावर शक्ती घालवू नका. कचरा टाकण्याचा स्थानिक नियम लागू पडतो का ते विचारा.

भिंतीवर रंगवलं असेल तर धुण्याआधी फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, आणि पोलीस नोंद. नंतर रंगवायला माणसं लगेच हवीत. १९९३ मध्ये माँटानाच्या बिलिंग्ज शहरात एका मूलनिवासी कुटुंबाच्या घरावर असं लिहिलं, तेव्हा रंगाऱ्यांच्या युनियनचे लोक येऊन घर रंगवून गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ज्यू मुलाच्या खिडकीवर दगड आला, आणि स्थानिक वृत्तपत्राने पानभर मेनोराचं (ज्यूंच्या सणातल्या दीपस्तंभाचं) चित्र छापलं. ते हजारो ख्रिस्ती घरांच्या खिडक्यांत लागलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या घरावर हल्ला झाला, त्यांची परवानगी घेतल्याशिवाय मोर्चा नाही, नाव नाही, फोटो नाही. त्यांना तिथेच राहायचं असतं.

हिशेबनीस

पैसा. वैयक्तिक झेल किंवा व्हेन्मो खात्यावर देणग्या घेऊ नका, एक दिवससुद्धा. सुरुवातीला एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली जा. ती साधारण ५ ते १० टक्के घेते आणि हिशेब सांभाळते. स्वतःची ५०१(सी)(३) (करमाफ सेवाभावी संस्था म्हणून) नोंदणी करायची तर वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत जमा होणाऱ्या संस्थेला ‘१०२३-ईझेड’ अर्ज चालतो, शुल्क २७५ डॉलर. त्यानंतर दरवर्षी ‘९९०-एन’ हा छोटा माहिती-अर्ज भरायचा. पाच मिनिटांचं काम आहे, म्हणूनच विसरलं जातं. सलग तीन वर्षं विसरलात की करमाफी आपोआप रद्द.

अशी संस्था उमेदवाराला पाठिंबा देऊ शकत नाही. सर्व उमेदवारांना बोलावून, सर्वांना तेच प्रश्न विचारून सभा घेऊ शकते.

व्हिसावाल्यांसाठी: एच-१बी वर विनामोबदला स्वयंसेवा चालते, पण एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं काम फुकट करू नका आणि मानधन म्हणून गिफ्ट कार्डही घेऊ नका. ग्रीन कार्ड नसेल तर निवडणुकीच्या कुठल्याही प्रचाराला, गावच्या स्कूल बोर्डाच्या सुद्धा, एक डॉलर देऊ नका. तो केंद्रीय कायद्याचा भंग आहे. कौन्सिलपुढे बोलायला मात्र बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागत नाही.

उंबरठा

आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट राहतेय. गट वार्षिक मेळावा घेतो, मराठी घरं बटाटेवड्याचा स्टॉल लावतात आणि आपला सहभाग तिथे संपतो. स्टॉल लावाच, पण शेजारी नोंदवही ठेवा आणि वर सांगितलेल्या एका कामाला दोन नावं द्या.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ च्या दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. म्हणून गटाच्या नियमावलीत भेदभावाचे प्रकार लिहिताना ‘वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व’ यांच्यापुढे ‘जात’ हा शब्दही आपण सुचवायला हवा. सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो आपल्या कायद्यात घातला.

कर्दळ

@उंबरठा, पटतं, पण एक अडचण. गावात भारतीय कुटुंबं चार. ‘जात’ शब्द घातला की ती चारही अंगावर घेतात आणि गट सोडतात. आधी थोडे दिवस एकत्र काम होऊ द्यावं का?

उंबरठा

नाही, सुरुवातीलाच घाला. नंतर घातला की कुणावर तरी रोख आहे असं वाटतं. पहिल्याच मसुद्यात असला की ती इतर अटींसारखी एक अट राहते. आणि त्या चारांतलं एखादं घर दलित असेल, तर तो शब्द नाही हे ते पहिल्याच दिवशी वाचतं. त्यांना थांबायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नदीकाठ

@उंबरठा यांच्याशी सहमत. मसुद्यात घेते.

व्यक्तिगत संदेशातून दोघांनी विचारलं, की डिस्चार्ज अर्जासाठी नोटरी कुठे मिळेल. बऱ्याच बँका खातेदारांना फुकट करून देतात, काही वाचनालयांतही सोय असते. सोपं म्हणजे शनिवारच्या बैठकीला नोटरी असलेल्या सभासदाला बसवा आणि मालकांना तीन गोष्टी आणायला सांगा: फोटो असलेलं ओळखपत्र, खरेदीखताची प्रत आणि मूळ अटीचा दस्तक्रमांक. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनाही बोलवा, आणि नोटरीसमोर येईपर्यंत अर्जावर सही करू नका असं आधीच सांगून ठेवा. कायदेशीर वर्णन पत्त्यावरून लिहू नका, खतातून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. काऊंटीतून अर्ज परत येतात ते बहुतेक याच एका चुकीने.